कंपनीचा संघ गावाचा झाला, त्याची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जपानच्या नकाशावर टोकियो शोधा आणि तिथून बोट पूर्वेकडे, पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे सरकवत न्या. साधारण शंभर किलोमीटरवर काशिमा नावाचं गाव लागेल. सहल कंपन्यांच्या यादीत ते सापडायचं नाही. तिथे एक प्राचीन देवस्थान आहे, एक मोठा पोलाद कारखाना आहे आणि एक फुटबॉल क्लब आहे. आज मी बोलणार आहे या क्लबबद्दल. पण त्याचं मूळ कारखान्यात आहे आणि नाव देवस्थानापासून आलेलं आहे, त्यामुळे तिन्हींबद्दल बोलावं लागेल.

आधी माझा या विषयाशी संबंध काय, ते सांगून टाकतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईतल्या एका कंपनीच्या फुटबॉल संघात लेफ्ट हाफ म्हणून खेळत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. खेळाडू म्हणूनच नोकरी लागली होती. सकाळी स्टोअर्समध्ये कारकुनी, दुपारी तीनला सुट्टी, मग सराव. हारवूड लीगमध्ये आम्ही खेळायचो. कूपरेजवर रोव्हर्स कपचा एखादा सामना मिळाला तर घरी पत्र जायचं. एके दिवशी सूचनाफलकावर चार ओळींचं परिपत्रक लागलं, की येत्या मोसमापासून संघ बंद. कुणाची नोकरी गेली नाही. फक्त दुपारी तीनची सुट्टी बंद झाली. आमच्या संघासाठी कुणी रडलं नाही, कारण आमचा संघ कुणाचाच नव्हता. पुढे १९९३ साली वर्तमानपत्रात एक छोटी बातमी वाचली, की जपानमध्ये कंपन्यांच्या संघांनी कंपनीची नावं टाकून देऊन व्यावसायिक लीग सुरू केली आहे. तेव्हापासून या गोष्टीचा मी माग काढत आलो.

जपानमधलं फुटबॉल अगदी आमच्यासारखंच होतं, हे आधी लक्षात घ्या. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी त्यांनी डेटमार क्रॅमर नावाचा जर्मन प्रशिक्षक आणला. ऑलिम्पिक झाल्यावर निघताना त्याने सांगितलं, नियमित लीग सुरू करा. त्याप्रमाणे १९६५मध्ये आठ संघांची जपान सॉकर लीग सुरू झाली. हे संघ कुणाचे? फुरुकावा इलेक्ट्रिक, मित्सुबिशी, हिताची, यावाता स्टील अशा कंपन्यांचे. खेळाडू हौशी, म्हणजे कागदोपत्री कामगार किंवा कारकून. पगार बरोबरच्या सहकाऱ्यांइतका. बूट टांगून ठेवले की परत टेबलावर, आणि निवृत्तीपर्यंत नोकरी पक्की. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जपानने ब्राँझपदक मिळवलं, कुनिशिगे कामामोतोने स्पर्धेत सर्वाधिक सात गोल केले, आणि काही वर्षं मैदानं भरली. मग ओसरली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत लीगच्या कित्येक सामन्यांना माणसांपेक्षा रिकामे बाकच जास्त असायचे, आणि आलेल्यांतले पुष्कळ कंपनीचेच कर्मचारी. व्यावसायिक बेसबॉल मात्र जोरात होतं. तिथे संघाच्या नावात कंपनी असतेच. योमिउरी जायंट्समधलं योमिउरी हे वर्तमानपत्र, हानशिन टायगर्समधली हानशिन ही रेल्वे कंपनी.

या संथ पाण्यात दगड टाकणाऱ्यांत एक नाव महत्त्वाचं आहे, साबुरो कावाबुची. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अर्जेंटिनाला ३-२ असं हरवणाऱ्या जपानी संघातला हा खेळाडू. त्या सामन्यात त्याचाही एक गोल होता. नोकरी फुरुकावा इलेक्ट्रिकमध्ये. १९८८मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, कंपनीने त्याची बदली एका उपकंपनीत केली. मोठ्या कंपनीत अशा बदलीचा अर्थ काय असतो, हे नोकरी केलेल्या श्रोत्यांना सांगायला नको. वरची वाट बंद झाली आहे हे त्याने ओळखलं आणि फुटबॉल लीगच्या कारभारात लक्ष घातलं. व्यावसायिक लीगचा विचार आधीपासून चालू होताच. १९८६पासून काही खेळाडूंना उघडपणे व्यावसायिक म्हणून खेळायची परवानगी मिळालेली होती. जर्मनीत नऊ वर्षं खेळून परतलेला यासुहिको ओकुदेरा हा त्यांतला पहिल्यांपैकी. पण चार खेळाडू व्यावसायिक झाले म्हणजे लीग व्यावसायिक होत नाही.

कावाबुची आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्या लीगसाठी अटींची यादी केली. मला स्वतःला ही यादी एखाद्या चुरशीच्या सामन्याइतकी वाचनीय वाटते. क्लब ही स्वतंत्र नोंदणी झालेली संस्था हवी, कंपनीचा एक विभाग चालणार नाही. क्लबला ठरलेलं गाव किंवा शहर हवं आणि तिथल्या पालिकेचा पाठिंबा हवा. किमान पंधरा हजार प्रेक्षकांचं, प्रकाशझोताची सोय असलेलं घरचं मैदान हवं. मुलांचे आणि कुमारांचे संघ चालवले पाहिजेत. आणि संघाच्या नावात कंपनीचं नाव नको. कंपनीने पैसे द्यावेत, शर्टावर जाहिरात करावी, पण हाक मारायचं नाव गावाचं.

शेवटच्या अटीवरून रण पेटलं. ज्या कंपनीने वीस-पंचवीस वर्षं संघ पोसला, तिने पैसे मोजायचे आणि नाव मात्र लावायचं नाही, हे कुणाच्या गळी उतरणार? योमिउरी वृत्तसमूहाचे प्रमुख त्सुनेओ वातानाबे यांनी तर लीग सुरू झाल्यावरही भांडण सोडलं नाही. त्यांच्या संघाचं अधिकृत नाव वेर्दी कावासाकी, पण समूहाच्या वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर उल्लेख व्हायचा योमिउरी वेर्दी असा. कावाबुची मागे हटला नाही. त्याचं साधं गणित होतं. कंपनीचं नाव असलेल्या संघाला त्या कंपनीबाहेरचा माणूस आपला का म्हणेल? आमच्या परिपत्रकाच्या दिवशी या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं, फक्त प्रश्न ठाऊक नव्हता.

आता काशिमाकडे येऊ.

साठच्या दशकापर्यंत हा सगळा वाळूचा किनारा. शेती आणि मासेमारी. सरकारने इथे किनारा खणून बंदर केलं, आणि सुमितोमो मेटल कंपनीने पोलाद कारखाना उभारला. १९७१मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून कामगार आणून वसवले गेले. कंपनीचा फुटबॉल संघ मुळात १९४७ साली ओसाकात स्थापन झालेला. १९७५मध्ये तो काशिमाला हलवला. कारखान्याबरोबर संघाचीही बदली, असं म्हणा. लीगच्या दुसऱ्या श्रेणीत तो खेळायचा, एक-दोनदा वर चढला आणि घसरून परत खाली आला. काशिमा गावाची वस्ती तेव्हा पंचेचाळीस हजारांच्या आसपास. कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या तरुणांना कामानंतर करायला काही नव्हतं. सुट्टी मिळाली की टोकियोची वाट धरायची, आणि कित्येकांचे पाय परत काशिमाकडे वळायचे नाहीत. पगार चांगला, कंपनी नावाजलेली, पण माणूस टिकत नाही, ही कंपनीचीही अडचण होती आणि गावाचीही. नव्या लीगची घोषणा झाली तेव्हा दोघांनी मिळून अर्ज केला.

अर्ज करणारे वीस आणि जागा दहा. दुसऱ्या श्रेणीतला संघ, कोपऱ्यातलं गाव, मैदानाचा पत्ता नाही. तुमची निवड होणं ९९.९९९९ टक्के अशक्य आहे, असं कावाबुचीने त्यांना सांगितल्याचं जपानमध्ये प्रसिद्ध आहे. मग वाटेला लावण्यासाठी तो म्हणाला, छप्पर असलेलं, फक्त फुटबॉलसाठीचं, पंधरा हजारांचं स्टेडियम बांधणार असाल तर बघू. असं स्टेडियम तेव्हा सगळ्या जपानात नव्हतं. सभ्य नकार म्हणजे काय, त्याचा हा नमुना. पण काशिमाच्या लोकांनी तो नकार म्हणून ऐकलाच नाही. उरलेला ०.०००१ टक्का त्यांनी उचलला आणि इबाराकी प्रांताच्या सरकारकडे गेले. प्रांताने स्टेडियम बांधायचं ठरवलं. अट घालणाराच अटीत अडकला. पहिल्या दहा क्लबांच्या यादीत काशिमाचं नाव आलं.

ऑक्टोबर १९९१मध्ये क्लबची स्वतंत्र कंपनी नोंदवली गेली. सुमितोमो मेटल मोठी भागधारक, पण परिसरातल्या पाच गावांच्या पालिकाही भागीदार. नाव ठेवलं काशिमा अँटलर्स. काशिमा या शब्दातल्या चिनी अक्षरांचा अर्थ हरणांचं बेट, देवस्थानाच्या आवारात पूर्वापार हरणं पाळलेली, आणि अँटलर म्हणजे हरणाची शिंगं. बाकीच्या क्लबांनीही आपल्या मातीत नावं शोधली. हिरोशिमाच्या संघाने सानफ्रेचे नाव घेतलं. सान म्हणजे जपानीत तीन, फ्रेचे म्हणजे इटालियनमध्ये बाण. तिथल्या मोरी मोतोनारी या सरदाराने मुलांना एक बाण मोडून दाखवला आणि तीन एकत्र मोडत नाहीत हे शिकवलं, अशी लोककथा आहे. आपल्याकडे म्हातारा बाप हीच गोष्ट लाकडाच्या मोळीवर सांगतो. आता विचार करा, माझदा मोटर्स या नावाने ओळखला जाणारा संघ आजीच्या गोष्टीतलं नाव घेऊन उभा राहिला, तर हिरोशिमातल्या पोराला काय वाटलं असेल.

काशिमाच्या गोष्टीतला सगळ्यांत मोठा माणूस मात्र ब्राझीलहून आला. झिको. ऐंशीच्या दशकात फुटबॉल पाहिलेल्यांना या नावाची ओळख नको. १९९०मध्ये फ्लेमेंगोतून निवृत्त होऊन तो ब्राझील सरकारात क्रीडाखातं सांभाळत होता. मे १९९१मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, हा माणूस जपानच्या दुसऱ्या श्रेणीतल्या, पोलाद कारखान्याच्या संघात दाखल झाला. अँटलर्स हे नाव अजून ठेवायचं होतं, शर्टावर सुमितोमो मेटल होतं. त्या मोसमात तो लहान लहान मैदानांवर, मोजक्या प्रेक्षकांपुढे खेळला आणि २१ गोल करून दुसऱ्या श्रेणीत अव्वल ठरला.

पण गोल हा त्याच्या कामाचा छोटा भाग. त्याच्या बरोबर खेळणारे लोक कालपर्यंत नोकरी सांभाळून खेळत होते. मला त्यांची मनोवृत्ती आतून ठाऊक आहे. हरलो तरी उद्या सकाळी स्टोअर्सचं रजिस्टर उघडायचंच असतं, त्यामुळे हार अंगाला लागत नाही. झिकोने नेमका त्यावर हात घातला. सरावातला सामनासुद्धा हरणं त्याला खपत नसे. बूट, खाणं, मैदान, प्रवास अशा बारीकसारीक गोष्टींत तो लक्ष घालायचा, रागवायचा. १९९३च्या सुरुवातीला सराव दौऱ्यावर इटलीत असताना क्रोएशियाच्या राष्ट्रीय संघाकडून अँटलर्सनी ८-१ असा मार खाल्ला. लीग सुरू व्हायला फार दिवस उरले नव्हते. या पराभवाने संघाचे डोळे उघडले, असं तेव्हाचे खेळाडू पुढे सांगत आले आहेत. समर्पण, सचोटी आणि आदर हे झिकोचे तीन शब्द क्लबने आपलं ब्रीद म्हणून ठेवले आहेत. ब्रीदवाक्यं आपल्याकडेही भिंतीभिंतींवर असतात म्हणा. पण ती सांगणारा स्वतः सरावाला सगळ्यांआधी येतो का, यावर त्यांची किंमत ठरते.

१५ मे १९९३ला टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये जवळजवळ साठ हजार लोकांसमोर जे-लीगचा पहिला सामना झाला. दुसऱ्या दिवशी काशिमाच्या नव्या कोऱ्या स्टेडियमवर अँटलर्स विरुद्ध नागोया ग्राम्पस एट. नागोयाकडे इंग्लंडचा गॅरी लिनेकर. सामना अँटलर्सनी ५-० असा जिंकला. झिकोचे तीन गोल, त्याचा देशबंधू आल्सिंदोचे दोन. चाळिशीतल्या माणसाची ती जे-लीगमधली पहिली हॅटट्रिक. पंचेचाळीस हजार वस्तीच्या गावात त्या दिवशी मैदानावर दहा हजारांवर लोक होते. मोसमाच्या पूर्वार्धाचं विजेतेपदही याच दुसऱ्या श्रेणीतल्या, कसाबसा घुसलेल्या संघाने मिळवलं.

सगळं गोड झालं असं नाही. जानेवारी १९९४मध्ये विजेतेपदाच्या अंतिम लढतीत गाठ वेर्दीशी पडली. दुसऱ्या सामन्यात पंचांनी वेर्दीला पेनल्टी दिली आणि झिकोने रागाच्या भरात जाऊन चेंडूवर थुंकून घेतलं. त्याला बाहेर काढलं गेलं, विजेतेपद वेर्दीकडे गेलं. आदर हा शब्द शिकवणाऱ्या माणसाचं हे वागणं त्याच्या भक्तांनाही सांगता येत नाही. मीही सांगायचा प्रयत्न करत नाही. त्याच वर्षी तो खेळाडू म्हणून निवृत्त झाला. क्लबने पहिलं लीग विजेतेपद १९९६मध्ये मिळवलं, आणि २०००मध्ये तर लीग, लीग कप आणि सम्राट चषक असे देशातले तिन्ही मोठे चषक एकाच मोसमात. २००२च्या विश्वचषकासाठी स्टेडियम चाळीस हजारांचं झालं, आणि अर्जेंटिना, जर्मनी, इटली हे संघ या गावात खेळून गेले. २०१६च्या डिसेंबरमध्ये क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात याच क्लबने रेआल माद्रिदला उत्तरार्धात १-२ असं मागे टाकलं होतं. शेवटी जादा वेळेत रेआलने ४-२ असा सामना काढला, पण ती आठ मिनिटं काशिमात कुणी विसरणार नाही. २०१८मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगही जिंकून झाली.

झिकोला आपल्याकडचे लोकही ओळखतात. २०१४ ते २०१६ तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. २०१५मध्ये फातोर्ड्यावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना गोवा ३-२ असा हरला, ती संध्याकाळ पुष्कळ गोवेकरांच्या मनात अजून सलते. गोव्यातलं क्लब फुटबॉल वाढवलं ते साळगावकर, धेंपो अशा उद्योगघराण्यांनी. २०१६मध्ये या दोघांनी राष्ट्रीय आय-लीगमधून अंग काढून घेतलं. मुंबईत महिंद्रा युनायटेड, २००५-०६चा राष्ट्रीय विजेता, २०१०मध्ये बंद झाला होता. मी कुणाला दोष देत नाही. कंपनीने काय करावं ते कंपनी ठरवणार. प्रश्न एवढाच की ती बाजूला झाल्यावर धरून ठेवणारं दुसरं कुणी असतं का.

आणि हा प्रश्न जपानलाही सुटला नाही, हे सांगितलं नाही तर मी तुमच्याशी खोटं बोलेन. योकोहामा फ्लुगेल्स हा पहिल्या दहांतला क्लब. त्याच्यामागे दोन कंपन्या होत्या, एक विमान कंपनी, एक बांधकाम कंपनी. मंदी आली, बांधकाम कंपनीने हात काढून घेतला, आणि ऑक्टोबर १९९८मध्ये वर्तमानपत्रातून बातमी आली की फ्लुगेल्सचं त्याच शहरातल्या मारिनोस क्लबमध्ये विलीनीकरण होणार. खेळाडूंना विचारलं नव्हतं, प्रेक्षकांना तर नाहीच. लोकांनी सह्या गोळा केल्या, रस्त्यावर उभे राहिले, उपयोग झाला नाही. त्या संघाने मात्र बातमीनंतर एकही सामना हरला नाही. १ जानेवारी १९९९ला सम्राट चषकाचा अंतिम सामना जिंकला, चषक उचलला, आणि क्लब संपला. त्या प्रेक्षकांनी पुढे स्वतः योकोहामा एफसी हा क्लब काढला, खालच्या लीगमधून सुरुवात केली आणि २००७मध्ये पहिल्या श्रेणीत नेऊन पोहोचवला. परिपत्रक त्यांनाही आलं होतं. फरक असा की ते वाचून रडणारं कुणीतरी होतं.

उलट टोकाचं उदाहरण होंडाचं आहे आणि ते मला फार आवडतं. होंडा मोटरचा संघ हामामात्सू शहरातला, जुन्या लीगमध्ये दबदबा असलेला. त्यांनी व्यावसायिक व्हायचं नाही असं ठरवलं. मग त्यांचे प्रशिक्षक मासाकात्सू मियामोतो आणि काही चांगले खेळाडू काशिमात आले. अँटलर्सचा पहिला प्रशिक्षक तोच. म्हणजे काशिमाच्या पायात होंडाचंही सिमेंट आहे. होंडा एफसी आजही चौथ्या पातळीवर कंपनीचा संघ म्हणून खेळतो आणि व्यावसायिक होऊ पाहणाऱ्या क्लबांना इतक्यांदा हरवतो, की त्याला जपानमध्ये द्वारपाल म्हणतात. २०१९च्या सम्राट चषकात त्यांनी उरावा रेड्ससारख्या बलाढ्य क्लबला २-० असं घरी पाठवलं. उपांत्यपूर्व फेरीत त्यांना एका गोलाने कुणी हरवलं असेल? काशिमा अँटलर्सनी. तेव्हा कंपनीचा संघ म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. चालवणाऱ्याचं मन स्थिर असेल तर तोही चालतो.

काही वर्षांपूर्वी मुलगी नोकरीनिमित्त टोकियोत होती, तेव्हा मी काशिमाला जाऊन आलो. टोकियो स्टेशनवरून बस मिळते, साधारण दोन तास. देवस्थानातली गर्द झाडी, हरणं, मग पुढे स्टेडियम. बाहेर झिकोचा पुतळा आहे. सामना सुरू व्हायच्या दोन तास आधीच लाल शर्टांची जत्रा भरलेली. सगळीकडून एकच वास येत होता, मोत्सुनी. आतड्यांचा रस्सा, मिसो घालून मंद आचेवर शिजवलेला. आपली वजडी म्हणा ना. मसाला नाही, बाकी गोष्ट तीच. कामगार वस्तीचं खाणं जगात सगळीकडे सारखंच असावं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या, नातवाबरोबर. मुलीच्या मार्फत मी विचारलं, तुमच्या घरातलं कुणी कारखान्यात होतं का? त्या म्हणाल्या, नाही, आम्ही शेतकरी. रताळी पिकवतो. मग नातवाला चेंडू कुठे गेला ते दाखवण्यात गुंतल्या. मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं.

२०१९मध्ये अँटलर्सची मालकी बदलली. सुमितोमो मेटल तोवर निप्पॉन स्टील या कंपनीत विलीन झाली होती, आणि तिने क्लबचे ६१.६ टक्के भाग मेरकारी या कंपनीला सुमारे १६० कोटी येनला विकले. मेरकारी म्हणजे फोनवरून जुन्या वस्तू विकण्या-विकत घेण्याचा बाजार. पोलादाकडून भंगारबाजाराकडे, असा विनोद मी तेव्हा केला होता. तो फारसा बरा नव्हता. व्यवहार झाला, नाव बदललं नाही, रंग बदलला नाही, गाव बदललं नाही. अटींच्या त्या जुन्या यादीने हेच साधलं होतं. नावात कंपनी नसली की कंपनी बदलताना नाव बदलावं लागत नाही. दहा क्लबांनी सुरू झालेल्या जे-लीगमध्ये २०२४पासून तीन श्रेण्यांत मिळून साठ क्लब आहेत.

कारखान्याचं मात्र दुखणं वाढत गेलं. जपानची पोलादाची मागणी घटली, आणि मार्च २०२५च्या अखेरीस काशिमातल्या उरलेल्या दोन झोतभट्ट्यांपैकी एक कायमची विझवली गेली. ज्या भट्टीच्या आधाराने गाव वाढलं आणि संघ आला, तीच निम्मी झाली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, अँटलर्सनी योकोहामा एफ. मारिनोसला २-१ असं हरवून लीग जिंकली. नऊ वर्षांनी, एकूण नवव्यांदा. मारिनोसच्या नावात मधे जो एफ आहे, तो फ्लुगेल्सचा. अँटलर्सचा प्रशिक्षक होता तोरू ओनिकी. १९९३मध्ये, लीगच्या पहिल्याच वर्षी, शाळा संपवून तो याच क्लबात खेळाडू म्हणून आला होता. झिको त्या वेळी संघात होता.

तो निकाल मी दादरला माझ्या जुन्या संघातल्या गोलरक्षकाच्या घरी बसून पाहिला. त्याचे गुडघे गेले आहेत, माझं एक. आमच्या संघाच्या शर्टाचा रंग निळा होता की हिरवा, यावरून त्या दिवशी आमचं भांडण झालं. त्याच्या बायकोने कपाट उघडून शोधलं, पण शर्ट काही सापडला नाही.